भूमिचाल आणि लेणे : आगाशिवच्या निमित्ताने

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात वैशालीच्या चापाल चैत्यापाशी भगवंतांनी आयुसंस्काराचा त्याग केला, त्या क्षणी पृथ्वी कंपित झाली असे वर्णन येते. आयुष्मान आनंद चकित होऊन त्याचे कारण विचारतात आणि भगवान महाभूमिचालाचे आठ हेतू, आठ प्रत्यय सांगतात. पहिला हेतू निव्वळ भौतिक आहे : पृथ्वी जलावर, जल वायूवर आणि वायू आकाशात प्रतिष्ठित आहे, महावात वाहू लागले की जल हलते आणि जलाबरोबर पृथ्वी हलते. पुढील हेतू ऋद्धिमान व्यक्तींशी आणि बोधिसत्त्वाच्या व तथागताच्या जीवनातील प्रसंगांशी निगडित आहेत. अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातातही हाच उपदेश आढळतो. मिलिंदपञ्हात तर राजा मिलिंद नागसेनांना पेचात पाडू पाहतो : वेस्संतराच्या दानाने पृथ्वी हलली ती या आठांत का बसत नाही?

या पहिल्या हेतूवरून अलीकडे आपल्या काही व्याख्यात्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पाणी हलल्याने भूमी हलते असे तथागतांनी सांगितले, म्हणजे जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचे ज्ञान त्यांना होतेच, असे ते म्हणतात. सुत्तातील जल हे त्या काळच्या विश्वरचनेतील पृथ्वीखालचे जल आहे. धरणाने अडविलेल्या नदीशी त्याचा संबंध नाही. बुद्धवचनाला अशा कुबड्यांची गरज नाही. तरीही कराडच्या परिसरात हा विषय पुन्हा पुन्हा निघतो, आणि त्याचे कारण सुत्तात नसून कोयनेच्या खोऱ्यात आहे.

कराडच्या नैर्ऋत्येस आगाशिवचा डोंगर आहे. जखिणवाडीच्या बाजूने आणि डोंगराच्या इतर अंगांनी साठांहून अधिक लेणी त्यात खोदलेली आहेत. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची नोंद केली. बहुतेक लेणी लहान, अनलंकृत, अजिंठ्याच्या वैभवाची सवय झालेल्या डोळ्यांना निराश करणारी. परंतु हे साधेपणच त्यांच्या प्राचीनत्वाची खूण मानले गेले आहे. कराडचे नाव भारहूतच्या दानलेखांत ‘करहकट’ असे येते. कुड्याच्या लेण्यांतील एका लेखात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. घाटावरचा व्यापारी कोकणच्या खाडीकाठी संघासाठी डोंगर कोरवून घेतो, यावरून या नगराची संपन्नता आणि मार्गांची वर्दळ दोन्ही कळतात.

या डोंगरापासून सुमारे ५० किलोमीटर पश्चिमेस कोयनेचे धरण आहे. उंची १०३ मीटर. १९६२ साली शिवाजीसागर जलाशय भरण्यास प्रारंभ झाला आणि त्यानंतर लवकरच परिसरात लहान हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरातील बहुसंख्य घरे राहण्याजोगी उरली नाहीत, धरणाच्या उंच खंडांना आडव्या भेगा गेल्या. दक्षिणेचे पठार भूकंपमुक्त आहे ही तोवरची समजूत त्या पहाटे संपली. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचे आडवे बल गुरुत्वत्वरणाच्या अवघे ५ टक्के धरले होते. धरणातील यंत्रावर प्रत्यक्षात नोंदले गेलेले त्वरण धरणाच्या लांबीच्या दिशेत ६३ टक्के आणि प्रवाहाच्या दिशेत ४९ टक्के होते.

त्यानंतर आजतागायत या क्षेत्रात ५ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत, आणि ते सारे सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद एवढ्याशा टापूत. वारणेचा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर हालचालींचा पट्टा दक्षिणेकडे विस्तारला. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पाणी किती वेगाने चढते, किती उंचीपर्यंत चढते आणि उच्च पातळीवर किती काळ राहते, यांच्याशी या हादऱ्यांचा संबंध आहे. जलाशयाचे वजन हा त्यातील एक भाग. अधिक महत्त्वाचे म्हणजे खडकाच्या भेगांतून खोल झिरपणारा पाण्याचा दाब. भ्रंशाच्या दोन्ही बाजू ज्या घर्षणामुळे एकमेकींना धरून असतात, ते घर्षण हा दाब कमी करतो. भ्रंशावर आधीच ताण साठलेला असेल, तर एवढे निमित्त पुरते. म्हणूनच ‘प्रेरित’ या शब्दाऐवजी ‘उद्दीपित’ हा शब्द काही शास्त्रज्ञ पसंत करतात.

येथे पालीच्या अभ्यासकाला हेतू आणि प्रत्यय हे दोन शब्द आठवल्यावाचून राहत नाहीत. भूगर्भातील ताण हा हेतू आणि जलाशय हा प्रत्यय, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात हे शब्द अर्थतः एकच मानले आहेत, त्यामुळे हा भेद माझा आहे, सुत्ताचा नव्हे.

आता मूळ प्रश्न : अशा हादऱ्यांनी डोंगराच्या पोटातील वास्तूंचे काय होते? सर्वसाधारण समज असा की जमिनीखालची जागा अधिक धोक्याची. अनुभव याच्या उलट आहे. जमिनीवरील इमारत मोकळेपणी डोलते, तर खडकातील दालन खडकाबरोबरच हलते. शिवाय पृष्ठभागापेक्षा खोलवर कंपनही सहसा कमी असते. १९७८ साली डाउडिंग आणि रोझेन यांनी ७१ बोगद्यांचा अभ्यास केला. पृष्ठभागावरील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १९ टक्क्यांपेक्षा कमी असेल तेथे त्यांना बोगद्याची हानी आढळली नाही. कोयनेचेच उदाहरण घ्या. १९६७ मध्ये धरण तडकले, मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. पण सह्याद्रीच्या पोटात पोफळीजवळ कोरलेले वीजगृहाचे दालन कोसळले नाही. याला अपवाद आहेतच. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे येथील भूकंपात दाइकाई हे भुयारी रेल्वेस्थानक मधले खांब मोडून खचले. परंतु ते खडकात कोरलेले नव्हते, उथळ मातीत वरून खणून बांधलेले होते.

हा दिलासा लेण्यांना जसाच्या तसा लागू करता येत नाही. बोगद्याचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे त्याचे तोंड, आणि लेणे हे बहुतांशी तोंडच असते. ओसरी, तिचे स्तंभ, वर पुढे झुकलेला कडा हे सारे उताराच्या काठावर, ऊनपावसाने सैल झालेल्या खडकात. आपला काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. दोन थरांमध्ये अनेकदा तांबड्या मातकट खडकाची पट्टी असते आणि पाणी तिच्यातून वाट काढते. अशा ठिकाणी एखादा मध्यम हादराही छताचा पापुद्रा सोडवू शकतो. मात्र प्रत्येक पडझड भूकंपाच्या खात्यावर मांडणे चूक आहे. भाजे येथील चैत्यगृहाचा दर्शनी भाग आज दिसत नाही, कारण तो लाकडी होता.

‘दोन हजार वर्षे टिकली, तेव्हा आणखी टिकतील’ हे उद्गार मी विद्वानांकडूनही ऐकले आहेत. या युक्तिवादात एक उणीव आहे. त्या दोन हजार वर्षांपैकी कोयनेचा जलाशय केवळ १९६२ पासूनचा आहे. जुन्या परिस्थितीतील टिकाऊपणा नव्या परिस्थितीचे प्रमाण होत नाही. शिवाय १९६७ च्या हादऱ्यात लेणे उभे राहिले म्हणजे त्याला काहीच झाले नाही असे नव्हे. केसाएवढी भेग त्या दिवशी इजा नसते, पुढील पन्नास पावसाळ्यांसाठी ती पाण्याची वाट असते.

विशेष म्हणजे ज्या कराडजवळ ही लेणी आहेत, तेथेच केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची भूभौतिक प्रयोगशाळा आहे. तिच्या प्रकल्पात कोयना खोऱ्यात २०१६-१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. भ्रंशाच्या जवळ जाऊन त्याचे मोजमाप करण्याचा हा प्रयत्न आहे. ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत ते आणि ज्यांना लेण्यांची भाषा कळते ते, दोघेही एकाच गावच्या वेशीवर आहेत. आपल्या संस्थांनी त्यांच्याकडे जावे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक लेण्यातील भेगांचा नकाशा करावा, बर्जेस यांच्या वर्णनाशी तो ताडून पाहावा आणि निवडक भेगांवर काचपट्ट्या बसवून त्या ठरावीक काळाने तपासाव्यात. पट्टी तडकली तर भेग हलली. डोंगराच्या आसपास सुरुंग लागत असतील, तर त्यांच्या कंपनांचीही नोंद व्हावी. तो मानवनिर्मित हादरा भूकंपापेक्षा लहान, पण अधिक जवळचा. वाचनाचा काळ आपल्या पंचांगाशी सहज जुळतो. वर्षावासाच्या आरंभी, आषाढी पौर्णिमेला, जलाशय भरू लागतो; प्रवारणेच्या सुमारास, आश्विनात, तो भरलेला असतो आणि हादरे वाढण्याचा पहिला काळ त्याच्या मागेपुढेच येतो; दुसरा हिवाळ्यात. तेव्हा आषाढ, आश्विन आणि मार्गशीर्ष अशा तीन पौर्णिमांना उपासकांनी वही घेऊन डोंगर चढावा.