कार्यशाळेला कुलूप न लावता पदवी

विकसनशील देशांतील तंत्रविद्यालयांत जोडारी, वेल्डिंग, सुतारकाम शिकवणारे अनेक शिक्षक कारखान्यातून किंवा कारागिरीतून वर्गात आलेले असतात. कसब हाती असते. अध्यापनाचे रीतसर शिक्षण नसते आणि पदवीअभावी बढती अडते. पूर्णवेळ शिक्षणासाठी रजा घ्यावी, तर बदली निदेशक मिळत नाही आणि कार्यशाळेला कुलूप लागते. नोकरी सांभाळून करावयाची अर्धवेळ दूरस्थ पदवी हा या पेचातून निघालेला मार्ग होय.

नोकरीतील शिक्षकांसाठी दक्षिण पॅसिफिकमध्ये तो फार आधी चोखाळला गेला. १९६८ साली स्थापन झालेले, फिजीतील सुवा येथे मुख्यालय असलेले साउथ पॅसिफिक विद्यापीठ हे १२ बेटदेशांचे व प्रदेशांचे सामायिक विद्यापीठ आहे. एकट्या किरिबातीची बेटे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर सागरात विखुरलेली आहेत. १९७०च्या दशकात विद्यापीठाने अमेरिकेच्या ‘एटीएस-१’ उपग्रहावरून ध्वनिसंपर्क साधून बेटांवर शिकवणी चालवली. १९८५मध्ये तो उपग्रह निकामी झाला. २०००मध्ये ‘यूएसपीनेट’ हे स्वतःचे जाळे आले. तंत्र बदलत गेले, छापील पुस्तिका मात्र दीर्घकाळ टिकली, ती उगाच नव्हे. १९८७च्या व्हँकुव्हर परिषदेत राष्ट्रकुल देशांनी स्थापनेचा निर्णय घेतलेली ‘कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग’ ही संस्था आफ्रिकेतील तंत्रसंस्थांच्या शिक्षकांसाठी असेच काम करत आली आहे.

अध्यापनशास्त्र, पाठनियोजन, मूल्यमापन हे विषय दुरून शिकवता येतात. शिवाय शिक्षकाचा स्वतःचा वर्ग हीच त्याची सरावशाळा ठरते. सोमवारी वाचलेली पाठयोजना मंगळवारी लेथवर तपासता येते. अडते ते प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत. वेल्डिंगचा सांधा चित्रफितीत गुळगुळीत दिसतो. आत पोकळी आहे काय, हे तो वाकवून वा कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी शिक्षकाच्या गावाजवळ जाणता परीक्षक आणि चालू स्थितीतील यंत्र लागते. इंटरनेटपेक्षा हा खर्च जड असतो आणि काटकसरीची पहिली कात्री येथेच लागण्याचा धोका असतो.

भारतात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या निदेशकांसाठी केंद्राची शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना आहे. तिचा एक वर्षाचा अभ्यासक्रम प्रमाणपत्राचा आहे, पदवीचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. परदेशी विद्यापीठाच्या दूरस्थ पदवीबाबत आपल्या सेवानियमांत ती ग्राह्य आहे काय, हे निदेशकाने शुल्क भरण्यापूर्वी आपल्या खात्याकडून लेखी घ्यावे.