औंध: राजाने सोडलेली सत्ता
लिश्टेनस्टाइन हा युरोपातील देश सुमारे ४० हजार वस्तीचा, म्हणजे आपल्या दोंडाईचा शहराहूनही लहान. तिथे आजही राजाला सार्वमताचा निकाल नाकारता येतो. हा अधिकार काढून घेण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये लोकांनीच फेटाळला.

औंध संस्थानात उलटे घडले. सातारा, आटपाडीपासून विजापूरकडे विखुरलेल्या या ७२ गावांच्या राज्यात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये सत्ता आपणहून प्रजेला देऊ केली. ब्रिटिश अमदानीत हे धाडसच. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना लागू झाली. राजपुत्र अप्पा पंत आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खटपट केली होती. लोक गावपंचायत निवडत. पंचायतींतून तालुका समिती आणि तिच्यातून विधिमंडळ बने. १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.