रिकामी आसने : ऱ्होड आयलंड, हैदराबाद आणि राज्यघटनेची संमती

अमेरिकेच्या राज्यघटनेची उद्देशिका ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होते. भारताच्या संविधानाची ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनी. हे ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. कारण हे शब्द लिहिले जात असता दोन्ही सभागृहांतील काही आसने रिकामी होती. ज्यांचा प्रतिनिधी तेथे नव्हता, त्यांनाही तीच घटना पुढे लागू झाली. ती त्यांची स्वतःची केव्हा व कशी झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी दोन प्रदेश घेतले आहेत : अमेरिकेतील ऱ्होड आयलंड हे चिमुकले राज्य, आणि गोदावरीच्या उत्तरेस वसलेला, एके काळी निजामाच्या राज्यात असलेला निर्मल तालुका.

फिलाडेल्फियातील बारा राज्ये

इ. स. १७७६ मध्ये स्वातंत्र्य घोषित करणाऱ्या तेरा अमेरिकन वसाहतींनी प्रथम एक सैल संघ स्थापिला. त्याचा करारनामा १७८१ मध्ये अमलात आला. या संघाच्या काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता, आणि करारनाम्यात दुरुस्ती करावयाची तर तेराही राज्यांची संमती आवश्यक होती. आयात मालावर अल्प जकात बसवून युद्धाचे कर्ज फेडावे, ही सूचना १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे अडून राहिली. असे राज्ययंत्र फार काळ चालणार नाही, हे जाणत्या लोकांना कळून चुकले.

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष होते. विचारांची पूर्वतयारी मुख्यतः जेम्स मॅडिसन यांची होती. एकंदर ५५ प्रतिनिधी उपस्थित राहिले आणि अखेरीस ३९ जणांनी स्वाक्षऱ्या केल्या. मोठ्या व लहान राज्यांमधील वाद तडजोडीने मिटला : एका सभागृहात लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व, दुसऱ्यात प्रत्येक राज्यास समान जागा. परंतु त्याच तडजोडींत प्रतिनिधित्वाच्या हिशेबासाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्याचे कलमही आले. ज्यांची अशी गणती झाली, त्यांना कोणी विचारले नव्हते. स्त्रियांना आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनाही तेथे स्थान नव्हते. ‘आम्ही लोक’ या शब्दांची व्याप्ती लिहिणाऱ्यांच्या कल्पनेहून मोठी निघाली, आणि ती पुरी करण्यास पुढे यादवी युद्ध, १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती व दीर्घ झगडे लागले.

या परिषदेला बाराच राज्यांनी प्रतिनिधी धाडले. ऱ्होड आयलंडने एकही धाडला नाही.

ऱ्होड आयलंडचा होकार

या नकारामागे दोन कारणे दिसतात. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या पक्षाच्या हाती तेथील सत्ता होती, आणि त्यांनी काढलेले कागदी चलन नवे केंद्र रद्द करील अशी त्यांना धास्ती होती. दुसरे कारण अधिक जुने आहे. मतस्वातंत्र्याचा आग्रह धरल्यामुळे मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स ही वस्ती वसविली. मनुष्याच्या विवेकबुद्धीवर राज्यसत्तेचा अंमल चालू नये, हे तिचे अधिष्ठान होते. १६६३ च्या राजसनदेनेही हे धर्मस्वातंत्र्य मान्य केले. शेजाऱ्यांनी बाहेर काढलेल्या लोकांचे हे राज्य दूरच्या सत्तेकडे संशयाने पाहत असे, यात नवल नाही.

नवी घटना अमलात येण्यास तेरांपैकी नऊ राज्यांची मान्यता पुरेशी होती, आणि ती मान्यता लोकांनी खास निवडलेल्या परिषदांकडून घ्यावयाची होती. ऱ्होड आयलंडने मात्र मार्च १७८८ मध्ये सरळ लोकमत घेतले. घटनेच्या पुरस्कर्त्यांनी त्यावर बहिष्कार टाकला आणि घटना प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. ३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हाही हे राज्य संघाबाहेरच होते. पुढे व्यापार तोडण्याची धमकी आली. खुद्द प्रॉव्हिडन्स शहर राज्यातून फुटून निघण्याची भाषा करू लागले. अखेर २९ मे १७९० रोजी ३४ विरुद्ध ३२ मतांनी होकार मिळाला. तोही मुकाट्याने नव्हे. हक्कांच्या रक्षणासाठी दुरुस्त्या सुचवूनच. धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी हक्कांची सनद १५ डिसेंबर १७९१ रोजी घटनेचा भाग झाली.

हैदराबादची सोळा आसने

आता आपल्या देशाकडे वळू. भारताची घटना समिती ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली. तिच्यात हैदराबाद संस्थानासाठी १६ जागा राखल्या होत्या. निजामाने स्वतंत्र राहण्याचा मार्ग धरला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी केवळ ‘जैसे थे’ करार केला. त्यामुळे मराठवाडा, तेलंगण व कानडी जिल्हे मिळून झालेल्या या विस्तीर्ण प्रदेशाच्या वतीने संविधानाच्या चर्चेत बोलणारा कोणी नव्हता. निर्मल तालुकाही त्यातच होता.

निर्मलची माणसे उदासीन होती असे नव्हे. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात रामजी गोंड या पुढाऱ्याला येथेच फाशी देण्यात आले आणि त्याची स्मृती आजही जागती आहे. तेलुगू, मराठी, उर्दू व गोंडी बोलणाऱ्या या भागातील रयतेला राज्यकारभारात आपले मत मांडण्याचा रीतसर मार्ग मात्र नव्हता. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर लगोलग बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांना तुरुंगवास भोगावा लागला. पुढे रझाकारांचे अत्याचार झाले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली, आणि तिच्या मागोमाग अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांची हत्याही झाली. पंडित सुंदरलाल समितीने ती नोंदविली आहे. सत्य सांगावयाचे तर दोन्ही बाजूंचे सांगितले पाहिजे.

२३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान हैदराबादलाही लागू होईल असे जाहीर केले. तीनच दिवसांनी संविधान स्वीकृत झाले. ऱ्होड आयलंडमध्ये प्रतिनिधींनी मते देऊन होकार दिला. येथे ‘आम्ही, भारताचे लोक’ यात निर्मलचा समावेश एका नबाबाच्या स्वाक्षरीने झाला.

अनुपस्थितांचे हक्क

तरीही अनुपस्थितांच्या हक्कांची चिंता त्या सभागृहात वाहिली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना याची जाणीव विशेष होती. ते स्वतः प्रथम बंगालमधून निवडून आले. फाळणीने ती जागा गेल्यावर जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा आले.

६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. धर्माचा ‘प्रसार’ करण्याच्या हक्कास लोकनाथ मिश्र यांनी विरोध केला. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी, आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, परंतु आपल्या धर्मांतराचा प्रयत्न कोणी केला नाही, अशी साक्ष दिली. कन्हैयालाल मुन्शी यांनीही त्या शब्दाचा पुरस्कार केला. तो शब्द आजच्या पंचविसाव्या कलमात राहिला. हरेंद्रकुमार मुखर्जी, फादर जेरोम डिसोझा प्रभृती ख्रिस्ती सभासद तेथे होते. पण हा हक्क केवळ त्यांच्या मतांवर टिकणारा नव्हता. तो टिकला इतरांनी दिलेल्या साक्षीमुळे.

दुसरी गोष्ट भाषेची. अमेरिकेत राज्याच्या संमतीविना त्याची सीमा बदलता येत नाही. भारतात तिसऱ्या कलमान्वये संसद राज्याचे मत विचारते, पण संमतीने बांधली जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच उरले नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले. नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादेत आला. निर्मल आंध्र प्रदेशात गेले. २०१४ मध्ये ते तेलंगणात आले, आणि २०१६ पासून निर्मल हा स्वतंत्र जिल्हा आहे. राज्ये बदलली तरी नागरिकत्व एकच राहिले. त्याच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम घातले : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा. भाषा व शिक्षणसंस्था जतन करण्याचा हक्क एकोणतिसाव्या व तिसाव्या कलमांत आहेच. मुधोळ-निर्मलकडील मराठी कुटुंब आणि एखाद्या मिशनची शाळा यांना तिसाव्या कलमाचा आधार सारखाच आहे.

संमती पुरी केव्हा होते?

ऱ्होड आयलंडची संमती अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने मिळाली; हैदराबादची फर्मानाने. दोन्ही ठिकाणी ती एका दिवसात पुरी झाली नाही. हैदराबादच्या सामान्य स्त्रीपुरुषांनी १९५२ च्या निवडणुकीत प्रौढ मताधिकाराने प्रथम मत दिले, तेव्हा त्या रिकाम्या आसनांवर ते जणू उशिरा येऊन बसले. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशी विसंगती घेऊन देश प्रजासत्ताकात पाऊल टाकीत आहे. म्हणजे केवळ मतदानानेही संमती पुरी होत नाही.

धर्मसेवक व धर्मशिक्षक बंधुभगिनींना यातून एक व्यावहारिक गोष्ट घेता येईल. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ लोकांच्या पूर्वजांना त्या सभागृहात स्वतःचा आवाज नव्हता. संविधान आपले नाही असे त्यांना वाटू देणे हा अन्याय होईल. ते केवळ आपल्या संरक्षणासाठी आहे असे वाटू देणे, हाही अन्यायच. मुन्शी व कृष्णम्माचारी यांनी आपल्या हक्कांसाठी शब्द खर्च केला. दुसऱ्याच्या हक्कांसाठी, मग तो मुसलमान विणकर असो की गोंड शेतकरी, आपण शब्द खर्च करू, तेव्हा ‘आम्ही’ या शब्दात आपलेही आसन भरेल.