फॅब्रिकेटर (आज्ञावली)

फॅब्रिकेटर ही प्रकल्पावर एकत्रितपणे काम करण्यासाठी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारी मुक्तस्रोत आज्ञावली आहे. कामांची नोंद, सोर्स कोडचे परीक्षण आणि चर्चा या सुविधा तीत एकत्र मिळतात. इव्हान प्रीस्टली यांनी फेसबुकमध्ये असताना तिची निर्मिती केली.

स्थापना

लिनक्स सर्व्हरवर प्रथम अपाचे किंवा एनजिनएक्स, पीएचपी, मायएसक्यूएल आणि गिट बसवतात. त्यानंतर फॅब्रिकेटर व आर्केनिस्ट यांच्या प्रती गिटद्वारे शेजारशेजारच्या फोल्डरांत उतरवल्या जातात. डेटाबेसचा तपशील व संकेतस्थळाचा पत्ता नोंदवून तक्ते तयार केले जातात. शेवटी ईमेल पाठवण्यासारखी कामे पडद्यामागे करणारी सेवा सुरू करतात. बॅकअप आणि सुरक्षेची जबाबदारी सर्व्हरधारकावरच असते.

मराठी विकिपीडियाशी संबंध

विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्ये बगझिलाऐवजी फॅब्रिकेटर स्वीकारले. मराठी विकिपीडियाच्या मांडणीतील बदलांसारख्या तांत्रिक मागण्या तेथेच नोंदवल्या जातात.

फोर्ज

फॅसिलिटी या कंपनीने जून २०२१ पासून फॅब्रिकेटरचा विकास थांबवला. मात्र अपाचे परवान्यामुळे सोर्स कोड सर्वांना खुला होता. त्याच्या आधारे स्वयंसेवकांनी फोर्ज ही शाखा सुरू केली. त्यामुळे कंपनी थांबली, तरी वापरकर्त्यांना आपल्या जुन्या नोंदींसह काम पुढे चालू ठेवता आले.