बार्शी लाईटची वाट

"आमची गाडी पळत नव्हती रे, चालत होती. मग तिच्या वाटेवर माणसानं चालायला काय हरकत आहे?"

हे आमच्या काकांचं म्हणणं. काका ८४ वर्षांचे. १९६२ साली गँगमन म्हणून रेल्वेत लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी बार्शी लाईटवर. रविवारी आम्ही चार-पाच जण सोलापुरातून सायकली घेऊन बाहेर पडतो, हे त्यांना ठाऊक आहे. कधी हिप्परग्याच्या तलावापर्यंत, कधी नान्नजच्या माळाकडे. गेल्या दिवाळीत मी त्यांना सांगितलं, की यावेळी सायकली टेम्पोत टाकून बार्शीला जातोय आणि तिथून रामलिंगच्या बाजूला. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "जुना रूळमार्ग बघून ये," म्हणाले. "भराव शिल्लक आहे का ते सांग."

तर मंडळी, आजची पोस्ट त्या भरावाबद्दल.

आधी थोडा इतिहास, कारण बार्शी लाईट आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरली आहे. मुंबईहून सोलापूरकडे मोठी रेल्वे आली ती १८६०च्या सुमारास. पण तिनं बार्शी बाजूला टाकली. बार्शी म्हणजे कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, आणि तिच्यासाठी स्टेशन मिळालं ते २२ मैल लांब. नाव मात्र 'बार्शी रोड'! (त्याचंच पुढे कुर्डुवाडी झालं.) या २२ मैलांत बैलगाड्यांची रांग लागायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा जी.आय.पी. रेल्वेतला एक इंग्रज ही रांग बघून विचारात पडला. त्याचं म्हणणं साधं होतं: इथे मोठी गाडी परवडणार नाही, पण छोटी नीट बांधली तर परवडेल.

'नीट' या शब्दात सगळी गंमत आहे. त्यानं अडीच फुटी गेज घेतला आणि नियम केला, की इंजिन असो, डबा असो की वाघीण असो, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. सगळीकडे भार सारखा, म्हणून रूळ हलके चालले, यार्डाला ३० पौंडांचे. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना डबे-इंजिन फिरवून दाखवलं आणि १८९७च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ला ती पंढरपूरला पोचली, १९११ला लातूरला, १९२७ला मिरजेला. दोनशे मैलांच्या वर पसारा, आणि या सगळ्याची राजधानी कुर्डुवाडी. आमची आजी आषाढीला मालडब्यात बसून पंढरपूरला गेल्याचं सांगायची. बसायला जागा नव्हती म्हणून बसली नाहीच, उभीच गेली, असं पुढच्या वेळी सांगायची. असो.

१९५४ साली सरकारनं कंपनी विकत घेतली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात हे सगळं ब्रॉडगेज झालं. कुर्डुवाडी-लातूरचं काम २००८ला पुरं झालं. चांगलंच झालं, त्याबद्दल रडायचं कारण नाही. लातूरहून मुंबईला थेट गाडी कुणाला नको आहे? पण हे करताना मार्ग उस्मानाबादवरून (आता धाराशिव) वळवला, आणि रामलिंगच्या घाटातून येडशीला जाणारी जुनी वाट सुटली. रूळ उचलले गेले, भराव आणि मोऱ्या तशाच राहिल्या.

आता जरा लांब जायचं आहे, थेट इंग्लंडात. दोन वर्षांपूर्वी पुतण्याकडे गेलो होतो. त्याला म्हटलं, मला लंडन नको, स्टॅफर्डशायर दाखव. तो बघतच राहिला. कारण असं, की बार्शीचं काम फत्ते झाल्यावर कॅलथ्रॉपला मायदेशात एक छोटी रेल्वे बांधायला मिळाली, लीक अँड मॅनिफोल्ड. १९०४ साली सुरू. तोच अडीच फुटी गेज, आणि बार्शीच्या पहिल्या इंजिनांसारखीच लीड्सच्या किटसन कंपनीची इंजिनं. एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव. त्या इंजिनांना हिंदुस्थानी थाटाचे हे मोठ्ठे पुढचे दिवेसुद्धा लावले होते. म्हणजे आपल्याकडे विलायतेतून वस्तू यायच्या त्या काळात आमच्या बार्शीची एक रेल्वे विलायतेत गेली! (हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवत बसला आणि अरबी घोडे पाळत होता. एका जन्मात किती उद्योग.)

ती गाडी चालली नाही. दरीत वस्ती थोडी आणि मुख्य माल दुधाचा. एक्टनचं दुधाचं केंद्र बंद पडलं आणि १९३४च्या मार्चमध्ये गाडीही. तीस वर्षंसुद्धा पुरी केली नाहीत. पण रूळ उचलल्यावर रेल्वे कंपनीनं जागा काउंटीला दिली, आणि १९३७ साली तिथे आठेक मैलांची पायवाट सुरू झाली. 'मॅनिफोल्ड वे'. जुन्या रेल्वेची वाट माणसांना फिरायला देण्याचं हे तिथलं अगदी सुरुवातीचं उदाहरण.

पुतण्यानं गाडीवर दोन सायकली बांधल्या आणि आम्ही वॉटरहाऊसेसहून निघालो. चुनखडीचे डोंगर, मध्ये नदी. उन्हाळ्यात ती नदी मधल्या पट्ट्यात जमिनीखाली जाते, कोरडे गोटे तेवढे उरतात. मला भोगावती आठवली. चढ असा कुठे नाहीच. म्हणजे असतो, पण पायांना कळत नाही. छोटं इंजिन जे चढू शकतं ते माझा गुडघाही चढू शकतो, हे मला त्या दिवशी उमगलं. वाटेत बाबागाडी ढकलणारी पोरगी, काठ्या घेतलेली म्हातारी जोडपी, व्हीलचेअरवरचे एक आजोबा. आम्ही आपल्याकडे 'ट्रेक' म्हटलं की धापा टाकत गड चढतो. तो आनंद मोठाच. पण ज्यांचे गुडघे गेले त्यांनी कुठे जायचं?

हे सगळं डोक्यात घेऊन यंदा दिवाळीनंतर रामलिंगला गेलो. बार्शीपासून पुढे रस्त्यानं सायकल, दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, मग देवळाखाली सायकली ठेवून पायी. हे अभयारण्य आहे, त्यामुळे विचारून, परवानगी घेऊन. माकडांनी एकाची टोपी नेली. भराव सापडला. काही ठिकाणी स्वच्छ, बैलगाडी जाईल एवढा रुंद. काही ठिकाणी बाभळी अशा माजल्या आहेत की वाकूनही जाता येत नाही. एका मोरीचे घडीव दगड कुणीतरी काढून नेलेले दिसले. जवळजवळ शंभर वर्षं गाडीचा भार घेतलेला दगड आता कुणाच्या तरी जोत्यात असेल.

मला त्या रात्री सारखं एकच वाटत होतं. इंग्लंडातली गाडी फसली, म्हणून तिची वाट त्यांनी वेळेत ताब्यात घेतली. आमची गाडी शंभरी ओलांडेपर्यंत चालली, आणि सुटलेल्या तुकड्याकडे बघायला मात्र कुणी उरलं नाही. मोठा प्रकल्प नकोच. बाभळी काढल्या, मोऱ्यांना हात लागू दिला नाही, जंगलखात्याला चालेल तेवढाच पट्टा माणसांसाठी ठेवला, तरी पुष्कळ.

घरी आल्यावर काकांना फोटो दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला. "पावसाळ्यात इथं रात्रभर कंदील घेऊन बसायचो," म्हणाले. "भराव खचतो का बघत." मग विचारलं, "मला नेशील?"

संक्रांतीनंतर नेलं. जीपनं जवळपर्यंत, पुढे त्यांची काठी आणि माझा खांदा. स्वच्छ तुकडा तेवढाच धरला. दोनदा बसले, पण थांबू म्हणाले नाहीत. मोरीपाशी आल्यावर खाली वाकून दगडावर हात ठेवला, सांध्यांतून बोट फिरवलं, आणि मला म्हणाले, "चुना अजून धरून आहे बघ. तेवढी ती बाभळ काढा, मुळं आत शिरतायत."

पुढच्या रविवारी आम्ही वनखात्याच्या कार्यालयात अर्ज घेऊन जातोय, कोयता चालवायची परवानगी मिळते का बघायला. बार्शीकडचं कुणी वाचत असेल तर या.