मासे नसलेला फिश टँक: एका थांबण्याचा इतिहास

आजचा भाग माशांवर आहे, पण त्यात बराच वेळ मासे येणारच नाहीत.

खाऱ्या पाण्याचा फिश टँक घ्यायला गेलात, तर चांगला दुकानदार एक विचित्र गोष्ट सांगतो. टँक ठेवा, समुद्री मीठ घालून पाणी तयार करा, पंप चालू करा आणि मग महिना-दीड महिना थांबा. मासा टाकायचा नाही. हौशी लोक याला 'टँक सायकल करणं' म्हणतात. माझी रूममेट सध्या याच टप्प्यावर आहे. आमच्या हॉलमध्ये दोन आठवडे नुसतं पाणी आणि दगड आहेत, आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "मासे कुठायत?"

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कुणी 'थांबा' म्हटलं की 'का?' विचारायची सवय. या 'का'च्या मागे गेले तर थेट १८५० च्या लंडनला पोचले. तिथे एकाच घरातले दोघे भेटले, बाप आणि मुलगा. दोघांचं नावही एकच: रॉबर्ट वॉरिंग्टन.

आधी अडचण काय ते समजून घेऊ. मासा अमोनिया बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांमधून. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच. समुद्रात तो विरून जातो, टँकमधून जाणार कुठे? त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच साधारण ८.१ ते ८.३. पीएच जितका वर, तितका अमोनियाचा विषारी वाटा जास्त. आणि हे सगळं होत असताना पाणी दिसतं कसं? एकदम नितळ!

आता थोरले वॉरिंग्टन. हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ, तिथली केमिकल सोसायटी उभी करण्यात पुढे असलेले. १८४९ मध्ये त्यांनी साधारण १२ गॅलनच्या काचेच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. कल्पना अशी: वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, हिशोब जुळेल. पण पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी निवळलं. मार्च १८५० मध्ये त्यांनी हे सोसायटीसमोर मांडलं. तेव्हा धाकटा रॉबर्ट ११ वर्षांचा होता.

पुढे त्यांनी हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर केला. फिलिप गॉस नावाचे निसर्ग-अभ्यासकही त्याच मागे होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि इंग्लंडला टँकचं वेड लागलं. लोक किनाऱ्यावरून समुद्रफुलं, खेकडे, मासे गोळा करून दिवाणखान्यात ठेवायला लागले. आणि ते भराभर मरायला लागले. १८६० च्या दशकात हे वेड ओसरलंसुद्धा.

चुकलं कुठे? 'समतोल'चा तो हिशोब होता दोनच वायूंचा. नायट्रोजनचा रकाना त्यात नव्हताच. गोगलगाय कुजकं खाते हे खरं, पण तीही शेवटी अमोनियाच सोडते. मग वॉरिंग्टनांच्या टाकीत तो जायचा कुठे? थोडा वनस्पती घेत असणार. बाकीचं काम करणारे काचेवर, वाळूवर, पानांवर चिकटून बसलेले होते. ते कुणालाच दिसत नव्हते.

एका माणसाने मात्र कारण माहीत नसताना बरोबर वाट धरली. विल्यम आल्फर्ड लॉइड. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला त्यांनी मत्स्यालय उभारलं. दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली अंधारात ठेवला आणि पाणी सतत फिरवत ठेवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: पाणी बदलू नका, फिरवा. आजच्या टँकखाली 'संप' असतो ना, त्याचा हा पणजोबा.

उत्तर सापडलं ते मात्र गटाराच्या पाण्यात! १८७७ मध्ये पॅरिसला श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवलं. पहिले २० दिवस काहीच नाही, अमोनिया जसा आत जाई तसा बाहेर येई. मग अचानक नायट्रेट दिसायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद. म्हणजे ही नुसती रसायनं नव्हती, आत कुणीतरी जिवंत होतं. ते २० दिवस लक्षात ठेवा. माझ्या मते आपल्या 'महिनाभर थांबा'चा तो पहिला लेखी पुरावा आहे.

ही बातमी लंडनजवळच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात पोचली, आणि तिथे कोण बसलं होतं? धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन. त्यांना मासे नको होते, पिकांना नायट्रेट कसं मिळतं हे हवं होतं. वर्षानुवर्षं बाटल्या मांडून त्यांनी दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत होतं. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पण ते जिवाणू वेगळे करणं त्यांना जमलं नाही. १८९० मध्ये झुरिकला सर्गेई विनोग्राड्स्कींनी ते केलं. युक्ती अशी की सेंद्रिय खाऊ द्यायचाच नाही. हे जिवाणू अमोनियातून ऊर्जा घेतात आणि कार्बन डायऑक्साइडमधून शरीर बांधतात. म्हणूनच ते वाढतात सावकाश. पोटातले ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. यांना कित्येक तास, कधी दिवसापेक्षाही जास्त लागतो.

बापाने टाकी मांडली, मुलाने ती का चालते त्याचं अर्धं उत्तर शोधलं. पण थोरले वॉरिंग्टन १८६७ मध्येच गेले होते. पॅरिसच्या त्या नळीच्या दहा वर्षं आधी.

उत्तर सापडलं म्हणून मासे वाचले असं नाही हं. शेतीतलं ज्ञान हौशी माणसापर्यंत यायला फार वर्षं गेली. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी प्रवाळ-खडकाचे जिवंत तुकडे टँकमध्ये ठेवायची पद्धत एका मासिकात मांडली. त्या खडकाच्या भोकाभोकांत जिवाणू आधीच बसलेले असतात. आज 'लाइव्ह रॉक' म्हणतात ते हेच. तरी पुढची कित्येक वर्षं टँक सायकल करायचा रूढ मार्ग होता डॅमसेल नावाचा काटक मासा सोडणं. तो अमोनिया तयार करायचा आणि तोच सोसायचा. जगला तर ठीक. आता मासा न टाकता बाटलीतला अमोनिया मोजून घालतात, ते मला जास्त पटतं.

आणि गोष्ट अजून संपलेली नाही. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधून अमोनिया खाणारा एक सूक्ष्मजीव वेगळा केला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो जिवाणू नव्हताच! आर्किया नावाच्या वेगळ्याच शाखेतला निघाला. त्याचे भाऊबंद महासागरभर पसरलेत. समुद्राबद्दलची एवढी मोठी गोष्ट कळली ती फिश टँकमधून.

तर तुम्ही टँक घेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा. पाणी नितळ दिसतं यावर जाऊ नका, टेस्ट किट वापरा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, शेवटी नायट्रेट. घातलेला अमोनिया एका दिवसात संपतोय आणि नायट्राइटही शून्य आहे, असं दिसलं की मग पहिला मासा. एकच, आणि छोटा. कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच असते. एकदम दहा मासे सोडलेत तर त्यांना पुन्हा वेळ लागणार, आणि तेवढा वेळ माशांकडे नसतो.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर टँक घ्यायच्या विचारात असलेल्या मित्राला नक्की पाठवा, त्याने मासे विकत घ्यायच्या आधी.