तिलवाऱ्याचा डोह

जबलपुरास बदलून आलेल्या मराठी माणसाची नर्मदेशी पहिली ओळख बहुधा तिलवाराघाटावर होते. संक्रांतीला येथे मोठी यात्रा भरते आणि अंगाला तीळ लावून थंड पाण्यात उतरणारी माणसे पाहून आमच्या गृहिणींना आपला सण येथे आपल्याआधीच येऊन पोहोचला होता, असे वाटते. काही वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या माझ्या मामांना मी या घाटावर आणले. मामा कृष्णेत पोहणे शिकलेले. मनसोक्त डुंबून बाहेर आले आणि अंग पुसता पुसता म्हणाले, "काय रे, इथे पेशव्यांचेच राज्य होते ना?" मी "होय" म्हणालो आणि विषय बदलला. तो प्रश्न माझ्याकडून अर्धवट उत्तरित राहिला, म्हणून हा लेख.

प्रथम पाण्याविषयी. तिलवाऱ्यापासून प्रवाहाबरोबर खाली गेले की लम्हेटा आणि पुढे भेडाघाट लागतो. शांत पात्र खडकांत शिरते, धुआंधारला कोसळते आणि संगमरवराच्या घळईत पुन्हा मुके होते. पुरात गोटे भोवऱ्याबरोबर गरगर फिरून खडक कोरतात. ज्यांनी निघोजला कुकडीचे रांजणखळगे पाहिले असतील त्यांना हे सांगावयास नको; तेथे काळा पाषाण, येथे पांढरा, एवढाच भेद. वरच्या अंगाला बरगी धरण होण्यापूर्वी उन्हाळ्यात पात्र रोडावे आणि खडकांमध्ये डोह उरत. १९९० मध्ये ते जलाशय भरले. आता वीजगृहातून सुटलेले पाणी ग्रीष्मातही वाहते, आणि पावसाळ्यात एकवीस दरवाज्यांपैकी काही उघडले की हा घाट पायऱ्यांसह बुडतो. कोणत्या पायरीवर कपडे ठेवावेत हे स्थानिक पोरास विचारून ठरवावे, हा माझा अनुभवाचा सल्ला.

आता मामांचा प्रश्न. नानासाहेब पेशव्यांनी १७४२ मध्ये मंडल्यावर स्वारी केली. गोंड राजा महाराजशहा तीत मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठी अंमलदारांनी अखेरच्या राजास पदच्युत करून गढा-मंडल्याचे राज्य खालसा केले. ज्या राज्यासाठी १५६४ मध्ये राणी दुर्गावतीने मोगलांशी लढताना देह ठेवला, ते अशा रीतीने आपल्या हातून संपले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १९ डिसेंबर १८१७ रोजी जबलपूर इंग्रजांनी घेतले. म्हणजे सारा मराठी अंमल पुरता चाळीस वर्षांचाही नव्हे. आपल्याकडे हे पराक्रमाच्या खाती जमा होते. परंतु आपण ज्यांच्या शेजारी घरे बांधून राहिलो त्यांच्या स्मरणात ते कोणत्या खाती आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. बरगीच्या जलाशयाने जी १६२ गावे बाधित झाली, त्यांतील पुष्कळ घरे गोंडांचीच होती. घाटावर उभे राहून "आमचे राज्य होते" हे वाक्य मला तेव्हा पूर्ण करवले नाही, त्याचे कारण हे.

मामांना मी दुसरी हकीकत सांगावयास हवी होती. भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे खेडे आहे. तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. सागर विद्यापीठातर्फे १९५२ मध्ये तेथे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले व सातवाहन काळाचे थर उजेडात आणले. कलचुरींचे विखुरलेले ताम्रपट आणि शिलालेख वाचून, त्यांच्या संवताचा आरंभ इसवी सन २४८-४९ असा निश्चित करून १९५५ मध्ये जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा. जन्म कोकणातला, कर्मभूमी नागपूर. भेडाघाटचा ११५५ सालचा अल्हणदेवीचा शिलालेख त्यात आहे. या विधवा राणीने शिवालय बांधले आणि त्याला मठ व व्याख्यानशाळा जोडून दिली. ती शिळा मात्र अमेरिकेत न्यू हेवनच्या अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रही गेली. आमची काही मुले आज त्याच देशात आहेत. सवड झाल्यास चौकशी करावी.

या काठाने पुढेही पुष्कळ पाहिले. मार्च १९३९ मध्ये तिलवाऱ्याजवळच त्रिपुरी काँग्रेस भरली. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने अंथरुणास खिळलेले, त्यामुळे बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत त्यांच्या जागी त्यांची तसबीर निघाली. एप्रिल संपण्यापूर्वी त्यांनी अध्यक्षपद सोडले. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी याच पाण्यात विसर्जित झाल्या. घाटावरचे स्मारक त्याची खूण आहे.

मामा आता नाहीत. गेल्या संक्रांतीला त्यांचा मुलगा आला होता. त्याला आधी तेवरला नेले, चौसष्ट योगिनींचे गोल देवालय दाखवले, आणि उन्हे कलल्यावर तिलवाऱ्यास आणले. तोही वडिलांसारखाच पट्टीचा पोहणारा. कपडे कोणत्या पायरीवर ठेवावेत, हे त्याने घाटावरच्या पोराला आपणहून विचारले.